बांगलादेशच्या लेकी : विकासात पुढे, वारसाहक्कात मागे

बांगलादेशातल्या चितगावजवळच्या एखाद्या गावात बौद्ध बरुआ कुटुंबातला बाप वारला आणि त्याच्यामागे एक मुलगा व दोन मुली राहिल्या, तर बापाच्या जमिनीत त्या मुलींना कायद्याने काहीही मिळत नाही. सगळी जमीन मुलाची. याचे कारण बौद्ध धम्मात शोधू नये. बांगलादेशात मैदानी भागातल्या बौद्धांसाठी वारसाहक्काचा वेगळा कायदाच नाही. तिथली न्यायालये त्यांना हिंदू कायदा लावतात, आणि हा हिंदू कायदा म्हणजे भारतात १९५६ साली सुधारला गेला तो नव्हे. त्याच्या आधीचा, स्मृती आणि टीकाग्रंथांवर उभा असलेला जुना कायदा तिथे आजही चालतो.

हाच बांगलादेश जगभरच्या विकास-अभ्यासकांच्या पुस्तकांत स्त्रियांच्या प्रगतीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि ते उदाहरण खोटे नाही. म्हणून आधी त्या प्रगतीकडे पाहू. ती नीट समजली तरच पुढचा प्रश्न नीट विचारता येतो.

मीठ, गूळ आणि पाणी

१९७१ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश युद्धाने, त्याआधीच्या चक्रीवादळाने आणि १९७४ च्या दुष्काळाने पार खचलेला होता. १९७५ च्या सुमारास तिथे एका स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुले होत होती. २०११ पर्यंत हे प्रमाण २.३ वर आले. सक्ती न करता, गरिबी पूर्ण हटलेली नसताना, इतक्या वेगाने जन्मदर खाली आल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

हे घडवले ते घरोघर जाणाऱ्या बायकांनी. पडद्याच्या चालीमुळे खेड्यातली स्त्री दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून सरकारने दवाखाना तिच्या दारात पाठवला. कुटुंब कल्याण सहायक म्हणून हजारो शिकलेल्या स्त्रिया नेमल्या गेल्या. पिशवीत गोळ्या घेऊन त्या अंगणात बसत, सासूशी बोलत, मग सुनेशी. सुरुवातीला त्यांची टवाळी झाली. एकटीने गावभर फिरणारी बाई म्हणून नावे ठेवली गेली. काही वर्षांनी त्याच गावांत मुलगी नोकरी करते ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

दुसरे उदाहरण जलसंजीवनीचे. हगवणीने मुले पटापट दगावत होती. मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात पाण्यातून दिली तर जीव वाचतो हे ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत १९६८ मध्ये सिद्ध झाले होते. १९७१ मध्ये सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. पण खेड्यात पाकिटे कुठून येणार? फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून वेगळी वाट धरली. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एवढे प्रत्येक आईला शिकवायचे, तिच्या हातून करवून घ्यायचे. दहा वर्षांत या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. त्यांचा पगार किती घरे झाली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्या आयांना विचारी, आणि त्यांना जेवढे आठवे, जेवढे करता येई, त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. आपल्याकडच्या कितीतरी प्रशिक्षण शिबिरांना हा नियम लावला तर काय होईल, असे हे वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

शिक्षणातही असेच झाले. १९९४ पासून ग्रामीण भागात माध्यमिक शाळेतल्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू झाले. अटी तीन : ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि शालान्त परीक्षेपर्यंत लग्न न करणे. काही वर्षांत माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०१३ च्या त्यांच्या ग्रंथात भारत आणि बांगलादेश यांची तुलना केली ती याच पार्श्वभूमीवर. दरडोई उत्पन्नात भारत बराच पुढे होता, तरी आयुर्मान आणि बालमृत्यू या बाबतींत बांगलादेश त्याच्या पुढे गेला होता.

शिलाई मशीनमागची बाई

मग आले कपड्यांचे कारखाने. १९७९ च्या सुमारास ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने १३० माणसे शिकायला दक्षिण कोरियात पाठवली, तिथून या उद्योगाने मूळ धरले. आज बांगलादेशच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे आणि सुमारे ४० लाख लोक या धंद्यात आहेत. एकेकाळी त्यांतल्या दहांपैकी आठ स्त्रिया होत्या. आता हे प्रमाण घसरत आहे, कारण यंत्रे आधुनिक झाली की ती चालवायला पुरुष घेतले जातात.

खेड्यातली अठरा-वीस वर्षांची मुलगी ढाक्यात खोली भाड्याने घेऊन राहते, महिन्याला स्वतःचा पगार मोजून घेते, गावी पैसे पाठवते. ही साधी गोष्ट नाही. लग्नाचे वय पुढे ढकलायला या पगाराने हातभार लावला. पण पगार किती आणि जिवाची किंमत किती, हा हिशेब २४ एप्रिल २०१३ ला सगळ्या जगाने पाहिला. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. मृतांचा आकडा १,१०० च्या वर गेला, सुमारे २,५०० जखमी झाले. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना त्या दिवशी घरीच ठेवले. वरच्या मजल्यांवरच्या कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. त्यांतल्या बऱ्याच जणी महिनाअखेरचा पगार अडकेल म्हणून आत गेल्या. बँकेतल्या माणसाला ‘आज येत नाही’ म्हणता आले, शिलाई कामगार बाईला आले नाही. तिच्या मागे संघटना नव्हती.

त्यानंतर परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारत-सुरक्षेचा करार झाला, त्याने कारखाने बरेच सुरक्षित झाले हे मान्य केले पाहिजे. मजुरीचे मात्र तसे झाले नाही. २०२३ मध्ये कामगारांनी किमान २३,००० टका मागितले. आंदोलनात कामगारांचे बळी गेले आणि डिसेंबरपासून १२,५०० टका लागू झाले.

राज्यघटनेतले चार शब्द

आता मूळ प्रश्न. ज्या देशाने मुलींना शाळेत नेले, आयांना जगवले, ज्या देशाचे पंतप्रधानपद १९९१ पासून २०२४ पर्यंत, काळजीवाहू सरकारांचा काळ सोडला तर, दोन स्त्रियांकडेच होते, तिथे बापाच्या घरात मुलीला समान वाटा का नाही?

उत्तराचा एक भाग राज्यघटनेतच आहे. बांगलादेशच्या १९७२ च्या घटनेचे कलम २८(२) स्त्रियांना ‘राज्याच्या आणि सार्वजनिक जीवनाच्या’ सर्व क्षेत्रांत पुरुषांबरोबर समान हक्क देते. खासगी जीवनाचा उल्लेख त्यात नाही. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा, वारसा हे सगळे त्या वाक्याच्या बाहेर राहिले आणि धर्मनिहाय वैयक्तिक कायद्यांकडे गेले. कारखान्यात आणि मतदान केंद्रात समता, उंबरठ्याच्या आत जुना कायदा, अशी ही विभागणी आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही तेच. स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ ला संमत केला. ‘सीडॉ’ या नावाने तो ओळखला जातो. बांगलादेश १९८४ मध्ये त्यात सामील झाला, पण काही कलमे आपल्यावर बंधनकारक नाहीत असे नोंदवून. १९९७ मध्ये त्यांतली काही हरकत मागे घेतली. कलम २ आणि कलम १६(१)(क) यांवरची हरकत मात्र कायम ठेवली. कलम २ म्हणजे भेदभाव करणारे कायदे बदलण्याचे सरकारचे वचन, आणि कलम १६ चा तो भाग म्हणजे विवाहात व विवाह मोडताना समान हक्क. मूळ वचनच सोडून बाकीच्या करारावर सही केली, असा याचा अर्थ होतो.

इथे इतिहासातली एक आठवण नोंदवण्यासारखी आहे. १९४८ मध्ये मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा तयार होत असताना विवाहातील समतेच्या कलम १६ साठी आग्रह धरणाऱ्यांत पाकिस्तानच्या प्रतिनिधी बेगम शाइस्ता इक्रामुल्ला होत्या. त्या मूळच्या बंगालच्याच. भारताच्या हंसा मेहता यांनी त्याच जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थी घेतले जाईल असा शब्द काढून ‘सर्व मानव’ असा बदल करवला. स्त्रियांची समता ही पाश्चात्त्यांकडून लादलेली गोष्ट आहे, असे दोन्ही देशांत जे बोलले जाते, त्यांना या दोन नावांची आठवण करून द्यावी.

सीमेपलीकडे न पोहोचलेले बिल

हिंदू वारसा कायद्याच्या जुन्या दोन शाखा. भारताच्या बहुतेक भागात मिताक्षरा, बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग. बांगलादेशात दायभाग चालतो. त्यात स्त्री-वारस पाचच : विधवा, मुलगी, आई, आजी आणि पणजी. मुलगा असेल तर मुलीला काही नाही. मुलगा नसेल आणि मुलीपर्यंत वारसा आलाच, तर आधी अविवाहित मुलगी, मग जिला मुलगा आहे किंवा होण्याचा संभव आहे ती. मूल नसलेली विधवा मुलगी बाद. मिळाले तरी ते जन्मापुरते. ती जमीन वापरू शकते, अगदी कायदेशीर गरज सिद्ध केल्याशिवाय विकू शकत नाही. तिच्या मरणानंतर जमीन तिच्या वारसांना जात नाही, मूळ पुरुषाच्या वारसांकडे परत जाते.

विधवेला मुलाइतका, पण जन्मापुरताच, वाटा देणारा ब्रिटिशकालीन १९३७ चा कायदा तिथे अजून लागू आहे. तो शेतजमिनीलाही लागू होतो, हे सांगायला तिथल्या उच्च न्यायालयाचा निकाल यायला सप्टेंबर २०२० उजाडले. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क नाही. १९४६ च्या कायद्याने तिला फार तर वेगळे राहून पोटगी मागता येते. हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही. २०१२ मध्ये हिंदू विवाहाच्या नोंदणीचा कायदा झाला, पण नोंदणी ऐच्छिक ठेवली. तुलनेने पाहिले तर तिथल्या मुस्लिम स्त्रीला भावाच्या निम्मा का होईना वाटा निश्चित आहे, आणि १९३९ च्या कायद्याने न्यायालयातून विवाह मोडण्याची वाटही आहे. समता तिलाही नाही. पण हिंदू आणि बौद्ध स्त्रीच्या हाती त्याहूनही कमी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात नेमकी हीच गाठ सोडवली होती. मुलगी आणि मुलगा समान वारस, स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेवर पूर्ण मालकी, एकपत्नीत्व, घटस्फोट. गंमत अशी की संयुक्त कुटुंबाच्या मिताक्षरा पद्धतीऐवजी व्यक्तिगत मालकी मानणारे दायभागाचे तत्त्व त्यांनी सगळ्या देशासाठी घेतले, पण त्यातली स्त्रीवरची बंधने काढून टाकून. बिल अडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचे तुकडे करून चार कायदे झाले. ते कायदे भारतातल्या बौद्धांनाही लागू आहेत.

आता हे लक्षात घ्या. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून वाट बंद झाल्यावर बाबासाहेब संविधान सभेत गेले ते बंगालच्या विधानसभेतून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमोशूद्र सहकाऱ्यांच्या बळावर. मंडल बारिसालचे. फाळणीनंतर तो मुलूख पाकिस्तानात गेला आणि बाबासाहेबांची ती जागा गेली. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदा व श्रममंत्री झाले, म्हणजे काही काळ सीमेच्या दोन्ही बाजूंना कायदा खाते दलित नेत्यांकडे होते. १९५० मध्ये मंडल राजीनामा देऊन भारतात आले. त्यांच्या मागे राहिलेल्या नमोशूद्र बायकांना बाबासाहेबांच्या बिलातले एकही कलम कधी मिळाले नाही.

सुधारणा कोणी अडवली

बहुसंख्याकांच्या धर्मवाद्यांनी अडवली, हे अर्धे उत्तर. १९९७ च्या राष्ट्रीय महिला विकास धोरणात जमीन व वारसा यांत समान हक्काचा उल्लेख होता. तो पुढे गळला, आणि २०११ च्या धोरणातही वारसाहक्कात समता असे स्पष्ट म्हटले नाही. तरी त्याविरुद्ध रस्त्यावर आंदोलने झाली. २०१७ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात ‘विशेष परिस्थितीत’ अल्पवयीन मुलीच्या लग्नाला परवानगी देणारे कलम घातले गेले, त्यात किमान वयही लिहिलेले नाही. देशात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचे लग्न अठराच्या आत झालेले असताना हे घडले. शेख हसीना सरकार गेल्यानंतर अंतरिम सरकारने शिरीन हक यांच्या अध्यक्षतेखाली महिला सुधारणा आयोग नेमला. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी समान कौटुंबिक कायद्याची, सुरुवातीला ऐच्छिक स्वरूपात, शिफारस होती. ३ मे ला हेफाजत-ए-इस्लामने ढाक्यात प्रचंड सभा घेऊन आयोगच रद्द करण्याची मागणी केली.

उरलेले अर्धे उत्तर अल्पसंख्याकांच्या घरात आहे. हिंदू कायद्यात सुधारणेचा विषय निघाला की हिंदू समाजातले अनेक पुढारीच विरोधात उभे राहतात. त्यांचे म्हणणे, मुलींना जमीन मिळाली तर त्यांना फूस लावून धर्मांतर केले जाईल आणि जमीन समाजाबाहेर जाईल. ही भीती हवेतून आलेली नाही. १९६५ च्या शत्रू संपत्ती कायद्याने, जो नंतर निहित संपत्ती कायदा झाला, हिंदूंच्या लाखो एकर जमिनी गेल्या. परत देण्याचा कायदा २००१ मध्ये झाला, पण जमिनी सहज परत मिळाल्या नाहीत. समाजावर संकट आहे हे खरे. पण त्या संकटाची किंमत मुलीने तिचा वाटा सोडून का द्यावी? समाज वाचवण्याचे ओझे नेहमी तिच्याच डोक्यावर का?

बौद्धांची संख्या २०२२ च्या जनगणनेनुसार ०.६ टक्के, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. सप्टेंबर २०१२ मध्ये कॉक्स बाजारजवळ रामू येथे एका फेसबुक पोस्टचे निमित्त करून विहारे जाळली गेली, त्याची बातमी आपल्यापर्यंत पोहोचली. तिथल्या बौद्ध मुलींच्या वारसाहक्काची बातमी आपल्या गटांत फिरताना क्वचितच दिसते.

डोंगरातल्या बायका

बांगलादेशातले बहुसंख्य बौद्ध चितगावच्या डोंगरी भागात, रांगामाटी, खागडाछडी आणि बांदरबन या तीन जिल्ह्यांत राहतात : चकमा, मारमा, तंचंग्या. त्यांना हिंदू कायदा नाही, १९०० च्या ब्रिटिश नियमावलीनुसार जमातीचे रूढी-कायदे लागू आहेत. गावाचा कारबारी (आपल्या ‘कारभारी’चाच भाऊ), त्यावर हेडमन, त्यावर राजा, अशी रचना. चकमा रूढीत मुलगा असेल तर मुलीला जमीन नाही. मारमांत काही भागात मुलींना कमी का होईना वाटा मिळतो. अलीकडे काही स्त्रिया कारबारी म्हणून नेमल्या गेल्या, हा छोटा पण खरा बदल.

पण तिथे वारशाआधी जमिनीचाच प्रश्न आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कप्ताई धरणाने सुमारे एक लाख लोकांना उठवले, बहुतेक चकमा. कसण्याजोग्या जमिनीपैकी सुमारे ४० टक्के पाण्याखाली गेली. १९७९ नंतर सरकारने मैदानातून लाखो वसाहतकारांना तिथे आणले, लष्कर आले. २ डिसेंबर १९९७ ला शांतता करार झाला, पण जमिनीचे बहुतेक तंटे अजून तसेच आहेत.

त्या कराराच्या दीड वर्ष आधी, १२ जून १९९६ च्या पहाटे, राष्ट्रीय निवडणुकीच्या मतदानाला काही तास उरले असताना, रांगामाटी जिल्ह्यातल्या बाघाईछडी भागातून कल्पना चकमा यांना घरातून उचलून नेले गेले. त्या हिल विमेन्स फेडरेशनच्या संघटन सचिव होत्या, वय विशीत. लष्करी अत्याचाराविरुद्ध त्या बोलत, आणि स्वतःच्या समाजात स्त्रीला मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीविरुद्धही. बरोबर नेलेले त्यांचे दोन भाऊ निसटले. त्यांनी लष्कराच्या एका अधिकाऱ्याला ओळखल्याचे सांगितले, लष्कराने आरोप नाकारला. तपास अधिकारी बदलत गेले, अंतिम अहवालांत दोषी कोणी सापडले नाही, भाऊ दर वेळी हरकत घेत राहिले. एप्रिल २०२४ मध्ये रांगामाटीच्या न्यायालयाने ती हरकत फेटाळून पोलिसांचा अहवाल स्वीकारला. कल्पना चकमा यांचा पत्ता आजवर लागलेला नाही.

आपल्या बाजूला

भारतानेही ९ जुलै १९९३ ला ‘सीडॉ’ स्वीकारताना जाहीर केले की कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय आपण हस्तक्षेप करणार नाही. ती समाजाची संमती कोण देणार, त्यात बायकांना विचारणार का, हे तिथे लिहिलेले नाही. १९५६ चा वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणून गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी स्त्रीची स्थिती काही बाबतींत चकमा स्त्रीच्या जवळची आहे.

आणि ज्यांना कायदा आहे त्यांचे काय? महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क दिला, केंद्राने तो २००५ मध्ये देशभर दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ साली बाप हयात असला-नसला तरी मुलीचा हा हक्क कायम आहे. तरी वडिलांच्या मागे वारसनोंद लावताना तलाठ्याच्या कार्यालयाबाहेर आणि दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रे होत राहतात, आपल्या वस्त्यांतही. बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. ज्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे त्या घरातल्या भावाने सही मागण्याआधी तिला एवढे तरी सांगावे, की ती सही करायला बांधील नाही आणि नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर सहजासहजी मागे घेता येत नाही.